‘विषय चांगला आहे’ म्हणून भागणार नाही

कुणी हौशी शॉर्ट फिल्म दाखवली की आपण टाळ्या वाजवतो आणि ‘विषय चांगला निवडलात’ म्हणून मोकळ्या होतो. पोरं तालुक्याच्या कॉलेजातली, पैसे खिशातले, त्यांना कशाला नाउमेद करायचं, असा विचार त्यामागे असतो. माझ्या मते हा मोठेपणा नव्हे, आळस आहे. नेमकं बोलायचं तर फिल्म नीट पाहावी लागते.

बीड जिल्ह्यात हा आळस फार महाग पडतो. २०११ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. पुढच्याच वर्षी परळीचं प्रकरण उघडकीला आलं. त्यानंतर ‘लेक वाचवा’ हा हौशी कलाकारांचा हुकमी विषय झाला. मी पाहिलेल्या अशा बहुतेक फिल्म्समध्ये पोटातलं बाळ बोलतं, आईला जीव वाचवण्याची विनवणी करतं. आई रडते, सासू डोळे वटारते. डॉक्टर म्हणजे एक पाठमोरा पांढरा कोट. नवरा तर कुठल्या कुठे गेलेला असतो!

या फिल्म्स कुणाला गुन्हेगार ठरवतात, हे आपण विचारत नाही. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा असं गृहीत धरतो, की बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असणार. उलट काही असेल तर ते सिद्ध करावं लागतं. म्हणजे कोर्ट जिला सहसा सोडून देईल, तिला आपली फिल्म खुनी ठरवते. शिवाय ऊठसूट ‘हत्या’ म्हटलं, की १९७१ च्या कायद्याने मिळालेला गर्भपातही पाप होऊन बसतो. ज्या पोरीला त्याची खरीच गरज आहे, ती मग सरकारी दवाखान्याची पायरी चढायला घाबरते.

अशीच एक फिल्म घेऊन काही मुलं-मुली आमच्याकडे आली होती. ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉलीत भांडी बांधणारे बाईचे हात त्यांनी बराच वेळ दाखवलेत, एकही शब्द न वापरता. फार सुंदर. मी म्हटलं, हे अजून वाढवा. विहिरीवरचा संवाद वाऱ्यात बुडालाय, तो पुन्हा घ्या. बाळाचा आवाज काढून टाका. त्या जागी सोनोग्राफी केंद्रातली ‘येथे लिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी दाखवा, भरलेला ‘एफ’ फॉर्म दाखवा, नोटा मोजणारा हात कुणाचा ते दाखवा.

दिग्दर्शक पोरगा म्हणाला, “मॅडम, आवाज काढला तर लोक रडणार कसे?”

प्रश्न प्रामाणिक होता. मी विचारलं, “रडून घरी गेल्यावर ते कुणाला बोल लावतील?” त्यावर तासभर वाद झाला. कॅमेरा धरणारी मुलगी तोवर गप्प होती, ती म्हणाली, “नवऱ्याचा सीन लिहिलाच नाही आपण.”

‘असं बोललात तर पोरं परत येणार नाहीत,’ असं आमच्याच एका कार्यकर्तीने मला सुनावलं. पोरं पंधरा दिवसांनी आली. नवरा आता फिल्ममध्ये आहे. बाळाचा आवाज कमी केलाय, काढलेला मात्र नाही, आणि सासू अजून तशीच डोळे वटारते. पुढच्या वेळी गावातल्या सुना आणि सासवा दोघींना बोलावलंय. शाल-श्रीफळ नको, असं आयोजकांना आधीच कळवलं आहे.