आधी धार, मग अक्षर

नाशिकच्या भांडीबाजारात मी नावं घालायला बसलो ते 1986 साली, एकोणिसाव्या वर्षी. लग्नसराईत रुखवताच्या भांड्यांचा समोर ढीग. 'चि. सौ. कां.'ने सुरू होणारी आणि 'मामाकडून सप्रेम भेट'वर संपणारी ओळ झोपेतही हाताला पाठ होती. पण ते काम टिंबांचं. टोकदार खिळा, हलकी हातोडी, टकटक. कोरणीने कापलेली रेघ मी पुढे एका वयस्क कारागिरांकडे शिकलो.

दोन्हींत फरक मोठा आहे. टिंब धातू दाबतं. कोरणी तो कापून बाहेर काढते. टोकापुढे पितळेची बारीक कुरळी तार उठत जाते. मागे खोबणीच्या दोन तिरक्या भिंती राहतात आणि ताट जरा फिरवलं की त्यांवरून उजेड धावतो. हे मशिनच्या नावात कधी दिसायचं नाही.

हल्ली तरुण मुलं-मुली शिकायला येतात, याचा मला मनापासून आनंद होतो. मात्र पहिला प्रश्न ठरलेला: "काका, हवेच्या दाबावरचं कोणतं मशीन घेऊ?" माझं म्हणणं, आत्ता एकही नको. हायस्पीड स्टीलची चौकोनी कांडी, तळहातात बसणारी लाकडी मूठ, धारेचा सपाट दगड, दहापट भिंग आणि पितळेची पट्टी एवढं पुरे. तांबं मऊ असलं तरी टोकाला चिकटतं, म्हणून पहिल्यांदा पितळ बरं.

आणि पहिले काही आठवडे फक्त धार. कांडीचं तोंड 45 अंशांत घासायचं, टोकाखाली 15 ते 20 अंशांची बारीकशी टाच काढायची. टाच नसेल तर टोक धातूत रुततं, वर येतच नाही. ती लांब झाली तर वळणावर खोबणीची बाहेरची कड खरवडते. धार झाली की टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायचं. धरलं तर ठीक; सरकलं तर पुन्हा दगडाकडे. मी एकदा कंटाळा केला. बोथट कोरणी घसरली आणि डाव्या तळहातात शिरली, कारण तो हात टोकाच्या समोर होता. तो वण मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी दाखवतो.

माझं खरं भांडण पुढे आहे. शिकवणारी पुस्तकं, व्हिडिओ परदेशी. त्यांत सराव रोमन अक्षरांचा आणि वेलबुट्टीचा. आपली मुलं तेच गिरवतात. अरे, आपल्याकडे शिरोरेखा आहे! चार इंच सरळ, एकाच खोलीची रेघ कापून बघा. हात कुठे थरथरला, श्वास कुठे सुटला, सगळं त्या रेघेत उमटतं. मग 'क'. त्याच्या गोलाईत मनगट वळवायचं नाही. कोरणी जागच्या जागी ठेवून डाव्या हाताने पट्टी फिरवायची. कोरणी एका अंगावर कलती केली की रेघ रुंदावते, सरळ केली की बारीक होते. म्हणजे बोरूची जाड-बारीक वळणं पितळेवर जशीच्या तशी येतात.

हे आपल्याला नवं नाही. 1805 साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली ती कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून. कोरणारा एक तांबट होता. छपाईसाठी प्रत्येक अक्षर उलटं कोरायचं, शिरोरेखेसकट! कलाशाळांनी अक्षरलेखनाच्या तासाला बोरूशेजारी एक कोरणी ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे. खर्च फार नाही.

गेल्या शनिवारी एका विद्यार्थिनीने आजीचा पितळी डबा आणला. झाकणावर टिंबांतलं आजीचं नाव घासून घासून पुसत आलंय, ते तिला पुन्हा कोरायचंय. मी डबा बाजूला ठेवायला सांगितला आणि पट्टी पुढे केली. अजून तिच्या शिरोरेखा शेवटाला खाली झुकतात.