मोर तगला, माळढोक का खंगला?

१९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी ठरला, डॉ. सालिम अली यांचा कौल माळढोकाला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. तरीही मोर आज निर्धोक आहे, तर निसर्गातील माळढोकांची संख्या अंदाजे १५० हून कमी आहे. मोराला शेतशिवार मानवते आणि लोकश्रद्धा त्याला राखते. माळढोकाला मोकळे गवताळ माळ हवेत; सरकारी दप्तरात मात्र ते ‘पडीक’ ठरतात. त्यांवर नांगर फिरतो, वीजवाहिन्या येतात आणि समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी तारांवर आदळून मरतो. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झाले. तेथेही तो आता क्वचितच दिसतो. कायद्याने पक्ष्याला अभय दिले, माळाला नाही. माळ राखल्यावाचून माळढोक राहणार नाही.