ईएक्सई दिली, सोर्स कुठाय?

वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप असो, डोंबिवली एमआयडीसीतला कारखाना असो, की कल्याण स्टेशनजवळचं सीएचं ऑफिस; हिशोबाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर बहुधा तिथला सगळ्यांत जुना असतो. त्यावर टॅली असतं, एक्सेल असतं, प्रिंटरचा ड्रायव्हर असतो. पायथन नसतं, आणि असायचं काही कारणही नाही. बँकेचं स्टेटमेंट टॅलीला चालेल असं करून देणं, सोसायटीची मेंटेनन्स बिलं काढणं अशा कामांना छोटे प्रोग्राम लिहून देणारी मुलं मात्र या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. दिवसा लोकल पकडून नोकरी, रात्री हे काम. स्वतःच्या लॅपटॉपवर झकास चालणारी दीडशे ओळींची पायथनची फाइल गिऱ्हाइकाकडे नोटपॅडमध्ये उघडते आणि फोनवर 'काका, आधी पायथन टाका' सुरू होतं. टीडीएसचं रिटर्न भरणाऱ्यांनी हेच जावाच्या रूपाने भोगलं आहे. ते रिटर्न तयार करायचा प्रोग्राम, आरपीयू, उघडायला मशीनवर जावा हवं, आणि तेही त्याला मानवणारं व्हर्जन.

म्हणून पायइन्स्टॉलरसारखं साधन वापरून प्रोग्राम, पायथन आणि लागणाऱ्या लायब्ऱ्या एकत्र बांधून ईएक्सई करून देण्याची पद्धत पडली, हे बरंच झालं. ही सोय आजची नाही. डीबेसमध्ये लिहिलेला प्रोग्राम चालवायला गिऱ्हाइकाकडे डीबेस लागायचं. १९८५ मध्ये क्लिपर हा कंपायलर आला आणि त्याच प्रोग्रामची ईएक्सई फ्लॉपीवर नेता येऊ लागली. ज्याला प्रोग्राम नुसता वापरायचा आहे, त्याच्या माथी प्रोग्रामरचं सामान मारू नये, हा शिष्टाचार तेव्हाही बरोबर होता, आजही आहे.

अडचण त्यापुढची आहे. 'वन-फाइल' पद्धतीची ईएक्सई दर वेळी स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये उलगडते आणि मग चालू होते. जुन्या हार्ड डिस्कवर तेवढा वेळ पडद्यावर काहीच दिसत नाही. टेबलावरच्या बाई पुन्हा क्लिक करतात, मग आणखी एकदा. थोड्या वेळाने एकाच प्रोग्रामच्या तीन खिडक्या उघडतात आणि तीनदा बिलं निघतात. मशीन विंडोज ७ चं असेल तर तेही नाही. कुठलीशी डीएलएल सापडत नाही, एवढं सांगून प्रोग्राम मिटतो. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८. त्यानंतरचं पायथन बांधलेली ईएक्सई तिथे उभी राहत नाही. ६४ बिटवर केलेली ३२ बिटवर चालत नाही, आणि मॅकवर बसून विंडोजची ईएक्सई पायइन्स्टॉलर करून देत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाचं मशीन आधी बघून यायला हवं. डोंबिवलीहून कल्याण काही लांब नाही.

याहून वाईट खोड अँटीव्हायरसची. व्हायरस लिहिणारेही हीच साधनं वापरतात, त्यामुळे निरुपद्रवी ईएक्सईवरही संशय येतो. जीमेल तर ईएक्सई जोडूच देत नाही, झिप केली तरी. मग पेनड्राइव्ह येतो आणि सोबत सल्ला येतो, 'पाच मिनिटं अँटीव्हायरस बंद ठेवा'. ज्या मशीनवर कंपनीचं नेट बँकिंग चालतं, त्याच मशीनवर हा धडा गिरवून घेतला जातो. इशारा आला की 'रन एनीवे' दाबायचं, हे एकदा अंगवळणी पडलं की उद्या खरोखरच्या लबाडीच्या फाइललाही तोच मान मिळणार. एका फाइलऐवजी फोल्डर द्यावं, तेवढंच अँटीव्हायरसच्या अपवादांच्या यादीत नोंदवून द्यावं; प्रोग्रामही लवकर उघडतो आणि संशयही कमी येतो.

पण खरा हिशोब मुलगा पुण्याला किंवा परदेशी गेल्यावर होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीच्या १२ आणि २८ टक्क्यांच्या टप्प्यांतला बहुतेक माल ५ आणि १८ मध्ये गेला. ज्यांच्या प्रोग्रामने दर बाहेरच्या एक्सेलमधून घेतले होते, त्यांनी चार आकडे बदलले आणि बिलं काढली. ज्यांच्याकडे दर ईएक्सईच्या पोटात होते आणि सोर्स, म्हणजे मूळ कोड, हाताशी नव्हता, त्यांच्यापुढे दोनच वाटा: हाताने बिलं लिहिणं, नाहीतर 'हा नंबर सध्या बंद आहे' ऐकत बसणं.

सोर्स न देण्यामागे 'माझा कोड चोरतील' ही भीती असते. तिच्यात दम नाही. अशा ईएक्सईतून जाणकार माणूस बराचसा कोड बाहेर काढू शकतो. आत लिहून ठेवलेला ईमेलचा पासवर्डही. म्हणजे चोराला दार किलकिलं आणि पैसे मोजणाऱ्याला बंद. कायद्याचंही भान दोन्हीकडे नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीत नसलेल्या माणसाकडून प्रोग्राम लिहून घेतला, तर वेगळा करार नसताना हक्क लिहिणाऱ्याचाच राहतो, आणि तो द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो. गिऱ्हाइकाला वाटतं, पैसे दिले म्हणजे सगळं आपलं झालं. तसं ते होत नाही.

तेव्हा ईएक्सई जरूर घ्या, पण तिच्यासोबत सोर्स, कुठलं पायथन आणि कुठल्या लायब्ऱ्या वापरल्या त्याची यादी, आणि बदल करण्याची परवानगी देणारा सहीचा कागदही मागा. दर, तारखा, खात्यांची नावं ईएक्सईबाहेरच्या फाइलमध्ये ठेवायला सांगा. मुलगा चांगला असेल तर तो हे न मागता देईल. नसेल, तर शेवटचा हप्ता हातात ठेवलेला बरा.