खिशांतला आगंतुक

परक्याच्या घरीं जावयाचें तर दारावर थाप मारून उत्तराची वाट पाहावी, एवढा शिष्टाचार आमच्या समाजांत निरक्षर मनुष्यहि पाळतो. कर्ज, विमा आणि भूखंड विकणाऱ्या सुशिक्षित व्यापाऱ्यांस मात्र तो ठाऊक नसावा असें दिसतें. वर्गांत व्याख्यान चाललें असो, दुपारीं डोळा लागला असो, कीं घरांत श्राद्धाचीं पानें वाढलीं असोत, खिशांतला मोबाइल खणाणतो आणि कधींहि न मागितलेलें कर्ज 'मंजूर' झाल्याची शुभवार्ता कानीं पडते!

यावर आमचे कांहीं मित्र म्हणतात, "अनोळखी नंबर घेऊंच नका; एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला?" हा उपदेश आम्हीं वर्षभर निष्ठेनें पाळला. गेल्या पावसाळ्यांत आमच्या वडील भगिनीस रुग्णालयांत ठेविलें होतें. तेथून रात्रीं आलेले तीन फोन आम्हीं त्याच निष्ठेनें तोडले. ती बरी झाली हें आमचें भाग्य. पण संमतिपत्रावर सही करावयास शेजाऱ्यांस धावावें लागलें. या उपद्रवानें आमचीं दोन मिनिटें जातात हें खरें नुकसान नव्हे. खोट्या हांका ऐकून ऐकून खऱ्या हांकेवरचा विश्वास उडतो, हें खरें नुकसान होय.

दुसरे म्हणतात, फोन फिरविणाऱ्या गरीब मुलांच्या पोटावर पाय कां देतां? आमचेच कित्येक पदवीधर विद्यार्थी त्या खुर्चीवर बसले आहेत. त्यांच्यावर आमचा राग नाहीं. दिवसभर परक्यांच्या शिव्या खाण्यासाठीं त्यांस पगार देणारा धनी, तोच आमच्या मतें खरा अपराधी.

कायदा नाहीं असेंहि नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०१० सालीं आणि पुन्हां २०१८ सालीं यासंबंधीं नियम केले. १९०९ या क्रमांकावर आपली नापसंती नोंदवितां येते. फेब्रुवारी २०२५ मध्यें तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली, आणि बिननोंदणीच्या क्रमांकाविरुद्ध दहा दिवसांत पांच तक्रारी आल्यास त्या कारवाईस पुरेशा ठरल्या. सुधारणा स्तुत्य खरी. परंतु तिचा पायाच उलटा आहे. ज्याला उपद्रव नको त्यानेंच नांव नोंदवावें, त्यानेंच तक्रार करावी, हा कोणता न्याय? चोर मोकळा फिरावा आणि घरधन्यानें दारावर 'येथें चोरी करूं नये' अशी पाटी लावावी, त्यांतलाच हा प्रकार!

आमची मागणी साधी आहे. हांक मारणारानें संमति आधीं मिळवावी. ती मिळाल्याचा पुरावा त्यानेंच द्यावा. आणि एक क्रमांक बंद पडतांच दुसरा घेणाऱ्या दलालापाशीं न थांबतां, ज्याच्या मालासाठीं फोन झाला त्या पेढीस दंड व्हावा. तोंवर वाचकांनीं चडफडून फोन खाली ठेवूं नये. सात दिवसांच्या आंत तक्रार अवश्य करावी. मौन हें संमतीचें लक्षण मानतात, आणि आमच्या मौनाचा तोच अर्थ हे व्यापारी आजवर करीत आले आहेत.