कूपरांचा कारखाना, नंदांचा कायदा

नगरपालिकांचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला होतं. उमेदवारांची शपथपत्रं बाहेर पडली आणि साताऱ्यापासून तासगावपर्यंत घरोघरी हिशेबतपासनीस जन्माला आले. कोण कुठल्या प्रायव्हेट लिमिटेडचा संचालक होता, कुणाच्या सौभाग्यवतींच्या नावावर किती शेअर आहेत, यावर लाल वर्तुळं काढलेले फोटो आठवडाभर माझ्या फोनवर येऊन पडत होते. खाली शेरा ठरलेला: ‘कंपनीवाला कामगाराचं काय भलं करणार?’ विरुद्ध गटाचाही ठरलेला: ‘कंपनी चालवून दाखवलीय, गाव का नाही चालवणार?’

त्याच सुमारास, २१ नोव्हेंबरला, केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यावर एकही लाल वर्तुळ माझ्याकडे आलं नाही.

 संहितांमधली दोनच कलमं सांगायची आहेत. कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस, जी पूर्वी फक्त सार्वजनिक सेवांना लागू होती, ती आता सगळ्या उद्योगांना लागू झाली. तडजोडीची बोलणी सुरू झाली की संप बेकायदा. कुपवाड, मिरज, साताऱ्याच्या एमआयडीसीत एक चक्कर मारा आणि पटावर ३०० कामगार असलेली गेटं मोजा. एका हाताची बोटं पुरतील की दोन हातांची, एवढाच वाद राहील. सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानेही कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत ताणायला आणि तिमाहीच्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर न्यायला मान्यता दिलीच होती. या मंत्रिमंडळातले किती जण कधीकाळी कंपनीत होते, याची यादी मी केलेली नाही. करण्यात अर्थ आहे असं वाटत नाही, आणि त्याला कारण आपल्याच सातारा जिल्ह्यात पडलेलं आहे.

धनजीशा कूपर. सातारा रोड स्टेशनवर उतरलेल्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही. १९२२ साली तिथे त्यांचा कारखाना निघाला. लोखंडी नांगर, पुढे डिझेल इंजिनं. त्याच लोहमार्गावर खाली किर्लोस्करवाडी, तिथेही नांगरच. त्यामुळे या दोन गावांची चुरस आमच्या आजोबांच्या पिढीला कुस्तीच्या फडाइतकी पाठ होती. कूपर नुसते कारखानदार नव्हते. ब्राह्मणेतर राजकारणात वावरलेले, जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्ष राहिलेले, पुढे मुंबई सरकारात मंत्री. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबई विधानसभेच्या १७५ पैकी ८६ जागा जिंकल्या, पण गव्हर्नरच्या खास अधिकारांवरून सरकार बनवायला नकार दिला. तेव्हा गव्हर्नर ब्रेबोर्नने बोलावलं ते आमच्या कूपरांना. १ एप्रिल १९३७ ला सातारा रोडचा कारखानदार मुंबई प्रांताचा पहिला पंतप्रधान झाला. तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत.

आजच्या लाल वर्तुळवाल्यांना याहून मोठं सावज मिळालं नसतं. नाव फाटकावरच लिहिलेलं. गंमत अशी की या ‘मालकांच्या’ मंत्रिमंडळात अर्थखातं होतं जमनादास मेहतांकडे, आणि मेहता म्हणजे रेल्वे कामगारांच्या संघटनेचे पुढारी. मालक आणि युनियनवाला एकाच टेबलाशी. साडेतीन महिने हा संसार टिकला. विधानसभेला सामोरं जाण्याची वेळ आलीच नाही, आणि १९ जुलैला बाळासाहेब खेरांनी सूत्रं घेतली.

कूपरांचं कामगारविषयक पान कोरं आहे. कोरं पान म्हणजे स्वच्छ पान असं मी म्हणत नाही. पाच वर्षं मिळाली असती तर मुंबईच्या कापडगिरण्यांच्या मालकांनी त्यांना चहाला बोलावलं असतं आणि ते गेले असते, हा माझा अंदाज; पुरावा मागू नका. पण खेरांचं पान कोरं नाही, आणि तिथे थांबून बघायला हवं.

खेर कारखानदार नव्हते, सॉलिसिटर होते. त्यांच्या सरकारात कामगार खात्याचे संसदीय सचिव गुलझारीलाल नंदा. अहमदाबादच्या मजूर महाजनात १९२२ पासून काम केलेले, खादीधारी, निष्कलंक. ज्या पक्षाचे हे दोघे, त्याच्या १९३६ च्या जाहीरनाम्यात कामगारांना संघटना करण्याचा आणि संप करण्याचा हक्क छापलेला. शपथपत्रं असती तर नंदांच्या कागदावर एकही वर्तुळ पडलं नसतं. आणि याच सरकारने १९३८ चा औद्योगिक तंट्यांचा कायदा आणला. आधी नोटीस, मग तडजोडीची लांबलचक वाट. ती संपण्याआधी संप केला तर तो बेकायदा आणि कामगाराला तुरुंग. डॉ. आंबेडकरांनी सभागृहात मांडलेला मुद्दा सरळ होता: काम थांबवणं हा फार तर कराराचा भंग, आणि कराराचा भंग हा गुन्हा नसतो, त्याला गुन्हा ठरवलं की कामगार गुलाम होतो. त्यांच्या जोडीला विरोधी बाकावरून या विधेयकावर तुटून पडणारे कोण? तेच जमनादास मेहता, वर्षभरापूर्वी कूपरांच्या मांडीला मांडी लावून बसलेले!

७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्यात एकत्र उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. गृहखातं कन्हैयालाल मुनशींकडे होतं. गिरण्यांत त्या काळी रत्नागिरीच्या खालोखाल घाटावरची, म्हणजे आपलीच माणसं. त्या दिवशी रस्त्यावर उतरलेल्यांत कोरेगाव-पाटणकडचे किती, वाळव्याचे किती, याची कुणी नोंद ठेवली नाही.

आता कोणाचा भूतकाळ कायद्यात उतरला ते पाहा. कारखानदाराचा नव्हे, युनियनवाल्याचा. मजूर महाजनाची रीत म्हणजे लवाद, समेट, संप अगदी शेवटी. अहमदाबादेत कामगारांनी ती आपखुशीने पाळली असेल. नंदांनी तीच प्रांतभर दंडुक्यासकट लागू केली. हेतूबद्दल माझी शंका नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. मालकाने असा कायदा आणला असता तर पहिल्या दिवशी सगळे सावध झाले असते. कामगारांच्या माणसाने आणला म्हणून निम्मे लोक समजूत घालत बसले.

पुढे १९४६ मध्ये नंदा कामगारमंत्री झाले आणि त्या कायद्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती आली, मुंबई औद्योगिक संबंध कायदा. एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन. गिरण्यांत ते स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेलं आणि चिकटलं. कामगार नेते दत्ता सामंतांनी १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप पुकारला तेव्हा पगारवाढीइतकीच मोठी मागणी होती हा कायदा रद्द करण्याची. तीन दिवसांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली बाबासाहेब भोसल्यांनी. तारळ्याचे, पाटण तालुक्यातले. बॅरिस्टर, कुठल्या कंपनीशी संबंध असल्याचं कुणी म्हटलं नाही. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर, त्यांतले कितीतरी त्यांच्याच तालुक्याचे. कायदा हलला नाही. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ते गेले आणि सांगलीचे वसंतदादा आले. तरीही हलला नाही. चाव्या दिल्लीत होत्या हे मान्य. पण तो संप आजतागायत अधिकृतपणे मागे घेतला गेलेला नाही, एवढंही मान्य करा.

वसंतदादांचं नाव निघालंच आहे तर साखरेवर येतो.  सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतल्या सगळ्यात मोठ्या मालकांना शपथपत्रातलं कुठलंच वर्तुळ लागत नाही, कारण त्यांचा साखर कारखाना ‘कंपनी’ नसतो, ‘सहकार’ असतो. चेअरमनसाहेब व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ लिहितात. त्यांच्या हाताखाली हंगामी कामगार असतात, त्यांचे पगार थकतात, आणि फडात बीडकडून आलेले ऊसतोडीचे कोयते असतात, जे मुकादमाची उचल घेऊन आले म्हणून कारखान्याचे कामगारच नव्हेत. धनजीशांनी निदान फाटकावर नाव लावलं होतं.

तर पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येतील. त्यांची जुनी कंपनी कोणती, हे खुशाल विचारा. पण नगरपालिका स्वतःच एक मालक आहे आणि हे लोक उद्या तिच्या गादीवर बसणार आहेत. म्हणून हेही विचारा: घंटागाडीवरची माणसं पालिकेच्या पटावर आहेत की ठेकेदाराच्या? ठेकेदार त्यांचा फंड भरतो का, आणि भरल्याची पावती पालिकेत कोण तपासतं? किमान वेतनाचा फरक किती महिने थकलाय? गटारात उतरणाऱ्याला हातमोजे कोण देतं? मागच्या सभागृहात असलेल्यांना जरा जास्त वेळ उभं करा. ठेक्याच्या ठरावावर हात त्यांनीच वर केले होते.