भूकंपाने कोणाच्या बाजूने कौल दिला?

कुस्कोत पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या मिशन ट्रिपचा गट कोरिकांचासमोर उभा होता. ३,४०० मीटर उंचीवर धड श्वास घेता येत नव्हता, तरी गटप्रमुखांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली : प्रभू, तू इथल्या अंधाराचा पाडाव केलास, तुझे आभार. सगळे ‘आमेन’ म्हणाले. माझ्या तोंडून तो शब्द निघेना.

समोर काय दिसत होतं ते सांगते. खाली इंकांच्या सूर्यमंदिराची भिंत. चुना नाही, माती नाही, नुसते घासून एकमेकांत बसवलेले दगड. वर सांतो दोमिंगोचं चर्च. स्पॅनिश लोकांनी मंदिराचं सोनं उचकटून नेलं आणि त्याच जागेवर डॉमिनिकन संन्याशांचा मठ उभा राहिला. १६५० मध्ये भूकंप झाला, मठाची धूळधाण झाली. पुन्हा बांधला. १९५० मध्ये पुन्हा भूकंप, पुन्हा पडझड. इंकांच्या भिंती मात्र टिकल्या. उलट पडझडीमुळे मंदिराचे झाकलेले भाग उजेडात आले.

आता भूकंपात देवाचा कौल शोधायची हौस असेल, तर हा कौल कोणाच्या बाजूने होता तेही सांगून टाका.

मी ख्रिस्ती आहे, आणि म्हणूनच हे लिहिते आहे. ‘अंधाराचा पाडाव’ नेमका कसा झाला? १६ नोव्हेंबर १५३२. काहामार्काच्या चौकात विसेंते दे वाल्वेर्दे हा धर्मगुरू धर्मग्रंथ घेऊन इंका सम्राट अताहुआल्पासमोर गेला. सम्राटाने तो जमिनीवर टाकला. मग तोफा, घोडे, तलवारी. काही तासांत हजारो माणसं मारली गेली. अताहुआल्पाने सुटकेसाठी खोली भरून सोनं दिलं, तरी १५३३ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. जिवंत जाळून घे, नाहीतर बाप्तिस्मा घे, म्हणजे गळा आवळून मारू. त्याने बाप्तिस्मा घेतला. इंकांच्या श्रद्धेत मृताचा देह शाबूत राहणं फार महत्त्वाचं होतं. म्हणजे ज्याला आपण धर्मांतर म्हणतो, ते बहुधा स्वतःचा धर्म वाचवण्यासाठी होतं!

आमच्या गटात दुसरं मतही होतं, जरा गोड. डॉन रिचर्डसन यांच्या १९८१च्या ‘इटर्निटी इन देअर हार्ट्स’ या पुस्तकातून आलेलं : सम्राट पाचाकुतीला सूर्याच्या वरचा खरा देव विराकोचा कळला होता, म्हणजे त्याला आपलाच देव कळला होता. ऐकायला छान वाटतं. पण इंकांकडे लिपी नव्हती, होत्या त्या गाठी मारलेल्या दोऱ्या, किपू. विराकोचाबद्दल लिहिलेलं जे काही आहे, ते स्पॅनिश विजयानंतरचं आणि ख्रिस्ती शाईतलं. शिवाय कोरिकांचा सोन्याने मढवण्याचं श्रेय परंपरा याच पाचाकुतीला देते. सूर्य सोडलेला माणूस सूर्याचं देऊळ कशाला मढवेल? दुसऱ्याच्या देवाला आपलं नाव दिलं, की त्याचं ऐकून घ्यायची गरज उरत नाही. दगडाऐवजी शब्दांनी बांधलेलं हेही एक सांतो दोमिंगोच.

मग इंकांचा धर्म म्हणजे निव्वळ निसर्गप्रेम? इन्स्टाग्रामवर तसंच दिसतं. पण १९९९ मध्ये युयाइयाको पर्वतावर, ६,७०० मीटरच्या वर, तीन मुलांचे गोठलेले देह सापडले. बळी दिलेले. मोठी मुलगी जेमतेम तेरा वर्षांची. तिच्या केसांच्या तपासणीतून कळलं, की शेवटच्या वर्षात तिला कोका आणि मक्याची दारू फार वाढत्या प्रमाणात दिली जात होती. याला मी संस्कृतीचं वैविध्य म्हणणार नाही. पण बोट उचलण्याआधी शास्ते पुस्तकातली इफ्ताहाची मुलगीही आठवेन. बापाच्या नवसापायी गेलेली ती मुलगी आमच्याच ग्रंथात आहे.

आपल्याला हे कळायला पेरूला जावं लागू नये. गोव्याच्या साष्टीत १५६७ मध्ये देवळं पाडली गेली. त्याच साष्टीत राहून फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी ओव्यांमधलं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. हातोडा आणि ओवी एकाच होडीतून आली. मी मराठीत प्रार्थना करते, ते त्या ओवीच्या वाटेने. म्हणून हातोड्याचा हिशेबही माझ्याच खात्यावर येतो.

शेवटच्या दिवशी डोंगरावरच्या गावात एका आजीने मला चिचाचा पेला दिला. स्वतः पिण्याआधी तिने चार थेंब पाचामामासाठी जमिनीवर सांडले आणि मग छातीवर क्रूस केला. आमच्यातला एकजण तिला समजावायला पुढे सरसावला. मी त्याचा दंड धरला.

परतल्यावर अहवालाच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता : किती जणांनी ख्रिस्त स्वीकारला? मी तो कोरा ठेवला. तिचं घराणं माझ्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून ख्रिस्ती आहे.