नवल आणि वर्तमान

2025 सालच्या दिवाळीच्या सुट्टींत आम्ही मांडवगण फराट्यास आपल्या घरीं होतों. शेजारचा सातवींतला एक चुणचुणीत मुलगा ओट्यावर येऊन बसला व हातांतल्या मोबाईलवरून एकामागून एक नवलें आम्हांस वाचून दाखवूं लागला. ऑक्टोपसास तीन हृदयें असतात. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूहून मोठा असतो. आम्हांस गंमत वाटली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. थोड्या वेळानें आम्हीं सहज विचारलें, "बाळ, आपल्या शिवारांतला बिबट्या दिवसा कोठें असतो रे?" तो म्हणाला, "उसांत." "उसांतच कां?" यावर तो गप्प झाला. शेवटीं म्हणाला, "सर, असलें कांहीं यांत येत नाहीं."

त्या उत्तरानें आम्हांस विचारांत पाडलें. कित्येक पालक आम्हांस सांगतात कीं, मुलांनीं असलीं फुटकळ नवलें वाचूं नयेत. दुसरे कित्येक म्हणतात, नवलें खुशाल वाचावींत, पण लोकांचे तंटेबखेडे व सरकारदरबारच्या गोष्टी त्यांच्या कानांवर पडूं नयेत. आमचें मत या दोहोंहून निराळें आहे. नवलाची आवड दोषार्ह नाहीं; ती आवड ओट्यावरच बसून राहते, शिवारांत उतरत नाहीं, हा दोष आहे, आणि तो मुलांपेक्षां लिहिणारांकडे अधिक जातो.

मराठी नियतकालिकांच्या आरंभीं असें नव्हतें. बाळशास्त्री जांभेकरांनीं 6 जानेवारी 1832 रोजीं मुंबईस 'दर्पण' पत्र काढलें तें लोकांच्या व राज्यकारभाराच्या वर्तमानासाठीं. त्याच गृहस्थांनीं 1840 सालीं 'दिग्दर्शन' मासिक काढलें तें सृष्टीचें व देशोदेशींचें ज्ञान मराठींत आणण्यासाठीं. 1842 सालीं अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशननें 'ज्ञानोदय' सुरू केला. धर्मोपदेश हा त्याचा मुख्य हेतु खरा. तथापि शास्त्रीय माहिती व समाजसुधारणेचे वाद त्याच्या पानांवर शेजारीं शेजारीं नांदत. तारे कसे फिरतात हें विचारणाऱ्यानें आपल्या गांवांत शाळा कां नाहीं हेंहि विचारावें, यांत त्या पिढीस कांहीं विजोड वाटत नव्हतें.

आतां त्या मुलाच्या उसाकडे वळूं. ऊस दाट, माणसाहून उंच, आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उभा राहणारा. त्यांत सांवली आहे, पाणी हाताशीं आहे, आणि जवळच्या वस्तीवर कुत्रीं व शेळ्या आहेत. बिबट्याला याहून अधिक काय हवें? मादी फडांतच वितें. कारखान्याचें गाळप सुरू होऊन तोड आली म्हणजे ऊसतोड्यांना बछडे सांपडतात तें यामुळेंच. अशा बछड्याला आपण 'जंगलांतून भटकत आलेला' म्हणतों. पण त्यानें जंगल कधीं पाहिलेलेंच नसतें. शेतीच्या पंपांना वीज पाळीनें मिळते, पुष्कळदां ती रात्रींच येते, व मग दारें धरावयास शेतकऱ्याला काळोखांत उसांत उतरावें लागतें. म्हणजे बिबट्या कोठें निजतो, हा पोरकट दिसणारा प्रश्न विचारतां विचारतां आपण विजेच्या वेळापत्रकापाशीं येऊन पोंचलों! येथें नवल कोठें संपलें आणि वर्तमान कोठें सुरू झालें, हें आम्हांस तरी सांगतां येत नाहीं.

त्याच दिवाळीच्या आगेंमागें आमच्याच तालुक्यांत, पिंपरखेडच्या परिसरांत, बिबट्याच्या हल्ल्यांत माणसें मरण पावलीं. त्यांत लहान मुलेंहि होतीं. लोक रस्त्यावर आले. या काळांत मोबाईलवर जें वाचावयास मिळालें, त्यांत 'दहशत' आणि 'थैमान' हे शब्द पुष्कळ होते. कां व कसें, हें फार थोडें होतें. पकडा आणि दूर नेऊन सोडा, असें जो तो म्हणे. जुन्नर भागांत या शतकाच्या आरंभीं हा उपाय करून पाहिलेला आहे. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा अभ्यास करून 2011 सालीं दाखवून दिलें कीं, पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडूं लागल्यावर माणसांवरील हल्ले कमी न होतां वाढले. ज्या माउलीचें लेंकरूं गेलें तिच्यापुढें हें वाचून दाखविण्याचें धैर्य आमच्यांत नाहीं. तिनें बंदूक मागितली तर तिला कोण बोल लावील? पण जीं मुलें उद्यांहि त्याच पाऊलवाटेनें शाळेस जाणार आहेत, त्यांच्या वडिलांस तरी ही गोष्ट ठाऊक असावयास नको काय?

अगदीं दूरची दिसणारी बातमीहि अशीच दाराशीं येते. अमेरिकेंतील यादवी युद्धांत, 1861 ते 1865 या सालांत, इकडील कापसाचा भाव चढला. युद्ध संपतांच उतरला. पुढें साऱ्याची आकारणी मात्र वाढली. कर्जांत बुडालेल्या कुणब्यांनीं 1874 सालीं आमच्या तालुक्यांतील करडे गांवीं सावकारावर बहिष्कार घातला, आणि 1875 च्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारीं दंगा पेटला. त्यांतून 1879 चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. हें आम्ही वर्गांत शिकवितों. परंतु करडे आपल्याच तालुक्यांत आहे, हें ऐकून मुलें दरवर्षीं चकित होतात, आणि त्या चकित होण्याची आम्हांस थोडी लाजहि वाटते.

सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशीं तो मुलगा पुन्हां आला. मोबाईल हातांत नव्हता. म्हणाला, "सर, आपल्याकडे ऊस नव्हता, तेव्हां बिबट्या कोठें राहत असे?" ऊस येण्यापूर्वींचें शिवार पाहिलेलीं माणसें गांवांत अजून आहेत. आम्हीं त्याला वही देऊन त्याच्या आजोबांकडे धाडलें, व पुढील अंकांत त्यासाठीं एक पान राखून ठेवण्याची विनंती संपादकमंडळास करून ठेविली आहे.